कॅमेऱ्याचे अंतर : ‘फँड्री’ आणि ‘कोर्ट’ यांतील पाहण्याचा प्रश्न

चित्रपटातील कॅमेऱ्याच्या तंत्राविषयी जे लिहिले जाते त्यातील बराच भाग कोशवजा असतो. कॅमेरा खालून वर रोखला की पात्राचे सामर्थ्य सूचित होते, वरून खाली रोखला की त्याची असहायता; समीपदृश्य म्हणजे भावनेची उत्कटता, दूरदृश्य म्हणजे एकाकीपण; कॅमेरा हलला की अस्वस्थता आणि स्थिर राहिला की शांतता. पदव्युत्तर वर्गांतील उत्तरपत्रिकांत ही समीकरणे निष्ठेने उतरवली जातात आणि त्यांना गुणही मिळतात. अलंकारग्रंथांतील लक्षण आणि उदाहरण यांची जोडी पूर्वी जशी पाठ केली जाई, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की अलंकारशास्त्राने दोषप्रकरणही लिहिले होते. एके ठिकाणी दोष असलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी गुण कशी ठरते, याचा विचार तेथे होता. कॅमेऱ्याच्या या कोशाला अशा अपवादांची दखल घ्यावीशी वाटलेली नाही.

वास्तविक ही समीकरणे मोडायला दोन उदाहरणे पुरेत. ऑर्सन वेल्स यांच्या ‘सिटिझन केन’ (१९४१) मध्ये निवडणूक हरलेला केन आणि त्याचा मित्र लेलंड यांच्यातील प्रसंग छायालेखक ग्रेग टोलंड यांनी जवळजवळ जमिनीच्या पातळीवरून टिपला आहे. केनचा देह छताला भिडल्यासारखा प्रचंड दिसतो. पण तो क्षण त्याच्या पराभवाचा आहे. देहाचा आकार आणि माणसाची झालेली अवस्था यांतील विसंगतीतून तेथे अर्थ निघतो. यासुजिरो ओझू यांच्या ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) मध्येही कॅमेरा असाच खाली, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या दृष्टिरेषेच्याही खाली असतो; आणि तेथे भव्यता नाही की उपरोध नाही. म्हाताऱ्या आईवडिलांशेजारी चटईवर कोणी गुमान बसून राहावे, तसा तो बसून आहे. कोन एकच, अर्थ मात्र एकमेकांशी नाते न सांगणारे.

म्हणजे तंत्राला स्वतःचा असा अर्थ नसतो. अर्थ धारण करण्याची क्षमता असते. ती प्रत्यक्षात येते आशयसूत्राच्या संबंधात, आणि त्याहूनही नेमकेपणाने सांगायचे तर, कॅमेरा प्रेक्षकाला कोठे बसवतो या प्रश्नाच्या उत्तरात. मराठी समीक्षेला हा प्रश्न मुळीच परका नाही. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली, तेव्हापासून तादात्म्य आणि ताटस्थ्य ही जोडी आपल्या आस्वादविचारात ठाण मांडून आहे. वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, असा त्या कल्पनेचा आशय. साहित्यात हे शिरणे आणि अलग राहणे रूपकात्मकच असते. शब्दाला फूट आणि मीटर नसतात. चित्रपटात मात्र ताटस्थ्य मोजता येते. कॅमेरा माणसापासून अमुक अंतरावर उभा असतो, अमुक काळ तेथे थांबतो, कोणाच्या घरात जातो आणि कोणाच्या दारातून परततो. अरुण खोपकरांच्या ‘गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका’ (१९८५) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त पुस्तकाने चित्रपटाचे वाचन कथेच्या सारांशापासून सोडवून प्रतिमेपाशी आणले, ही मराठीतील महत्त्वाची घटना होती. परंतु जातीसारख्या सामाजिक वास्तवाचे चित्रण समोर आले की आपली चित्रपटसमीक्षा पुन्हा कथेकडे वळते. विषय किती ज्वलंत आहे हे सांगून थांबते. विषय ज्वलंत असला तरी पाहणारा गारठलेलाच असू शकतो, ही शक्यता तिच्या ध्यानात येत नाही.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) आणि चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) हे एका वर्षाच्या अंतराने आलेले दोन चित्रपट या दृष्टीने एकत्र वाचण्याजोगे आहेत. दोन्ही त्या त्या दिग्दर्शकाचे पहिले पूर्ण लांबीचे चित्रपट. दोहोंत व्यावसायिक नटांबरोबर कधीच अभिनय न केलेली माणसे वावरतात. दोहोंच्या तळाशी जात आहे. आणि दोहोंचे कॅमेरे जणू एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

‘कोर्ट’चा कॅमेरा (छायालेखन मृणाल देसाई) प्रामुख्याने स्थिर आहे. नारायण कांबळे या वयोवृद्ध शाहिराने आपल्या गाण्यातून सफाई कामगारांना गटारात गुदमरून जीव द्यायला सांगितले, आणि ते ऐकून वासुदेव पवार या कामगाराने आत्महत्या केली, असा विलक्षण आरोप या चित्रपटाच्या मध्यभागी आहे. एखाद्या सराईत न्यायालयपटात हा आरोप म्हणजे वक्तृत्वाची पर्वणी ठरली असती: साक्षीदाराच्या कपाळावरचा घाम, वकिलाचे वळणे, न्यायाधीशाचा हातोडा. येथे कॅमेरा खोलीच्या एका टोकाला उभा राहतो आणि सगळी खोली दाखवतो. पुढच्या खटल्याची वाट पाहणारे पक्षकार, कागद हलवणारे कारकून, भिंतीला टेकलेला पोलीस, हे सारे नारायण कांबळेइतकेच चौकटीत आहेत. सरकारी वकील बाई १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याचा आधार घेतात आणि कलमे व निवाडे एका सुरात वाचत राहतात. ते वाचन कापले जात नाही. त्या वेळी प्रेक्षकाला येणारा कंटाळा हा दिग्दर्शकाचा हिशेब आहे. न्यायाचा विलंब त्यात सांगितला जात नाही. प्रेक्षकाच्या खुर्चीत तो साचत जातो.

दीर्घ दृश्य आणि सखोल चौकट यांचा पुरस्कार करताना आंद्रे बाझँ यांनी प्रेक्षकाच्या स्वातंत्र्याचा मुद्दा मांडला होता: संकलन न केलेल्या चौकटीत कोठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो. ‘कोर्ट’ या सिद्धान्ताला एक कडवट पुरवणी जोडतो. येथे प्रेक्षकाला पाहण्याचे स्वातंत्र्य खरोखरच आहे. पण त्या स्वातंत्र्यात तो जे करतो ते न्यायालयातील इतर सर्वांसारखेच असते. त्याचे लक्ष ढळते. एका स्त्रीने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण पुढे ढकलतात, तेव्हा प्रेक्षागृहात हसू येते आणि कांबळेचा काही काळ विसर पडतो. कॅमेऱ्याच्या समान अंतराने प्रेक्षकाला त्या व्यवस्थेचा आणखी एक निष्क्रिय कर्मचारी करून टाकलेले असते.

मृत कामगाराची पत्नी शर्मिला पवार हिची साक्ष हा या पद्धतीचा कस पाहणारा प्रसंग. नवरा गटारात उतरण्यापूर्वी दारू पीत असे, कारण वास सहन होत नसे. संरक्षक साधने नव्हती. वायूने त्याचा एक डोळा गेला होता. झुरळे बाहेर येतात का हे पाहून तो आत उतरायचे की नाही ते ठरवी. प्रश्न विचारले जातात, ती थोडक्यात उत्तरे देते. कोठेही आवाज चढत नाही, आणि कॅमेराही तिचे दुःख टिपायला पुढे सरसावत नाही. हे अंतर प्रथम रुक्ष वाटते. थोड्या वेळाने उमगते की त्यात एक आदबही आहे. समीपदृश्याने तिचे अश्रू मागितले असते. अश्रू मिळाले असते तर प्रेक्षकाची सुटका झाली असती. तिने ते दिलेले नाहीत. पुढे बचावाचे वकील विनय व्होरा तिला पैसे देऊ करतात, तेव्हा ती ते नाकारते आणि काम मिळेल का असे विचारते. पैसे नाकारणाऱ्या त्या बाईचे आणि करुणा नाकारणाऱ्या त्या चौकटीचे वळण एकच आहे.

इथवर ‘कोर्ट’च्या पद्धतीचे समर्थन करता येते. पण समान अंतर ही नेहमीच समदृष्टी असते काय? कॅमेरा न्यायालयाबाहेर जातो तेव्हा तो कोणामागे जातो, हे पाहिले पाहिजे. तो व्होरांच्या मोटारीत बसतो, त्यांच्याबरोबर मोठ्या दुकानात वाइन आणि चीज विकत घेतो, आईवडिलांशी त्यांची चाललेली कुरबुर ऐकतो. सरकारी वकील बाईंबरोबर तो लोकलने घरी जातो, त्यांचा स्वयंपाक पाहतो, परप्रांतीयांवर तोंडसुख घेणाऱ्या एका मराठी नाटकाला त्यांच्या कुटुंबासमवेत जाऊन बसतो. न्यायाधीशांबरोबर तर तो सहलीलाही जातो. नारायण कांबळेचे घर मात्र पाहायला मिळत नाही. सुरुवातीला तो मुलांना शिकवताना दिसतो, मग मंचावर, मग पोलिसांच्या ताब्यात. जामिनावर सुटल्यावर पुन्हा कामात आणि पुन्हा अटकेत. वकील, सरकारी वकील आणि न्यायाधीश या तिघांना खासगी आयुष्य आहे. आरोपीला केवळ सार्वजनिक आयुष्य.

याचे दोन अर्थ संभवतात. एक असा की ज्याच्यावर सत्ता सतत पाळत ठेवते त्याचे खासगीपण तिनेच गिळले आहे, आणि चित्रपट ही रिकामी जागा रिकामीच ठेवतो. दुसरा अर्थ कमी सोयीचा आहे: कॅमेऱ्याला काही घरांची दारे सहज उघडतात आणि काहींची उघडत नाहीत, जी उघडतात ती त्याच्या ओळखीची असतात. ‘कोर्ट’ पहिल्या अर्थाकडे झुकतो, परंतु दुसरा पुसून टाकू शकत नाही. वीरा साथीदार (निधन २०२१) हे स्वतः चळवळीत आयुष्य घालवलेले कार्यकर्ते. मंचावर कांबळे म्हणून उभे राहिल्यावर त्यांच्या देहबोलीत जो अनुभवाचा साठा जाणवतो, त्याला संभाजी भगत यांच्या गाण्यांचा आवाज मिळतो. दैनंदिन जगण्याचा अवकाश मात्र मिळत नाही. ताटस्थ्य समान राखले तरी प्रवेश समान राहिलेला नाही. चित्रपटाचे हे न्यून आहे, आणि त्याच्या शिस्तीचे गुणगान करताना त्यावर पांघरूण घालण्याचे कारण नाही.

‘फँड्री’ नेमक्या याच दारातून आत शिरतो. विक्रम अमलाडी यांचा कॅमेरा आरंभीच जब्याच्या खांद्याशी आहे. हातात गलोल घेऊन तो झाडाझुडपांत काळ्या चिमणीच्या मागे फिरतो आहे. तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल, अशी त्याची समजूत. पूर्वार्धातील दृश्यरचनेचे सूत्र म्हणजे जब्याचे पाहणे. चिमणीकडे, वर्गातल्या शालूकडे, दुकानातील जीन्सकडे. कॅमेरा त्याचे डोळे उसने घेतो, आणि त्या डोळ्यांना सारे काही दूर, वर किंवा काचेपलीकडे दिसते. पारंपरिक प्रेमकथेत पाहणे ही पहिली पायरी असते; येथे पाहणे हीच जब्याची सारी मिळकत आहे. शालूशी त्याचा संवाद होत नाही. गावाने त्याला दिलेल्या जागेवरून एवढेच करता येते.

या ठिकाणी एक आक्षेप नोंदवायला हवा. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात पुरुषाची नजर आणि स्त्रीचे दृश्यवस्तू होणे यांचा जो संबंध दाखवला, तो ‘फँड्री’त जातीच्या वळणाने गुंतागुंतीचा होतो. पाहणारा मुलगा सामाजिकदृष्ट्या खालचा, पाहिली जाणारी मुलगी वरची. त्यामुळे नजरेबरोबर येणारी सत्ता जब्याकडे नाही. हे खरे असले तरी शालू अखेरपर्यंत केवळ दिसतच राहते. ती काय पाहते, हे चित्रपटाने एकदाच आणि फार क्रूरपणे सांगितले आहे: डुकराच्या मागे धावणाऱ्या जब्याकडे पाहून ती हसते. तिच्या हसण्यामागे आणखी काही असेल काय, हा प्रश्न कॅमेऱ्याला पडलेला नाही.

उत्तरार्धात पाहण्याची दिशा उलटते. जत्रेत नाचता नाचता ज्याला वाटते की आता शालू आपल्याला पाहील, त्याच्याच डोक्यावर थोड्या वेळाने मिरवणुकीचा दिवा येतो. उजेड त्याच्या डोक्यावर आहे आणि तो उजेड इतरांसाठी आहे. रडणारा त्याचा चेहरा त्या उजेडात स्पष्ट दिसतो. प्रकाशयोजनेचे तंत्र आणि जातीने नेमून दिलेले काम ही येथे एकच वस्तू झाली आहे. दिव्याला प्रतीक म्हणण्याची घाई करू नये. गावात तो दिवा कोणीतरी डोक्यावर घेतोच, आणि कोणी घ्यायचा हे ठरलेले असते.

मग डुकरे पकडण्याचा प्रदीर्घ प्रसंग. कॅमेरा आता जब्याचे डोळे सोडून देतो आणि बघ्यांच्या बाजूला जाऊन उभा राहतो. शाळेतली मुले, गावातली रिकामटेकडी तरुण मंडळी. खेळाचा सामना पाहावा तसे सगळे जण कैकाडी कुटुंबाची धावाधाव पाहतात. प्रसंगाची रचनाही सामन्यासारखीच केली आहे: पळापळ, हुलकावणी, पडणे, ओरडा, टाळ्या. आणि येथे प्रेक्षक सापडतो. त्या धावपळीत विनोद आहे, प्रेक्षागृह हसते, आणि हसणाऱ्याला थोड्या उशिराने कळते की आपले हसू पडद्यावरील बघ्यांच्या हसण्यात मिसळले आहे. जब्या लपतो, त्याला दिसायचे नाही. चित्रपटभर पाहण्यासाठी धडपडणारा मुलगा आता न दिसण्यासाठी धडपडतो. बाप त्याला ओढून बाहेर काढतो. किशोर कदम यांचा कचरू माने हा या प्रसंगातील सर्वांत करुण माणूस आहे, कारण मुलाला मारताना त्याला लाज वाटायलाही सवड नाही. काम उरकायचे आहे.

या धांदलीत शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि सारे कुटुंब जागच्या जागी थिजते. डुक्कर थांबत नाही. या क्षणाचे प्रतीकात्मक अर्थ पुष्कळ सांगितले गेले आहेत. दृश्यदृष्ट्या महत्त्वाचे हे की इतका वेळ सैरावैरा असलेली चौकट एकदम स्थिर होते. ‘कोर्ट’मध्ये कॅमेऱ्याची स्थिरता व्यवस्थेची होती; येथे देहांची स्थिरता नागरिकत्वाची आहे. त्या कुटुंबाला राष्ट्राचा जो अनुभव येतो तो एवढाच: हातातले काम सोडून ताठ उभे राहणे, आणि पुन्हा त्याच कामाला लागणे. नंतर पकडलेले डुक्कर काठीला टांगून शाळेच्या भिंतीवरून नेले जाते, भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. कॅमेरा चित्रांकडे वळून बोट दाखवीत नाही. कुटुंब चालते आणि ती चित्रे मागून सरकत राहतात. दिग्दर्शकाने येथे एक जरी समीपदृश्य घेतले असते तरी भाषण झाले असते.

शेवटी जब्याचा संयम सुटतो. टवाळी करणाऱ्यांवर तो दगड भिरकावतो, आणि अखेरचा दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. पडदा काळा होतो. या दगडाचे वर्णन ‘प्रेक्षकाच्या तोंडावर मारलेला दगड’ असे वारंवार झाले आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. दगड मारल्याने धक्का बसतो हे कोणीही सांगेल. तो कोणत्या स्थानावर येऊन आदळतो, हा प्रश्न आहे. चित्रपटाने प्रेक्षकाला अगोदर बघ्यांमध्ये नेऊन बसवले नसते, तर हा दगड केवळ चमत्कृती ठरला असता.

अभिनवगुप्ताने रसविघ्नांची जी यादी दिली आहे तीत एक विघ्न स्वगत-परगत भेदाचे आहे: ‘हे माझे’, ‘हे दुसऱ्याचे’ अशा जाणिवेने देशकालविशेषात अडकलेला प्रेक्षक रसास्वाद घेऊ शकत नाही. साधारणीकरणाने ही जाणीव विरघळावी लागते. ‘फँड्री’ हे विघ्न हेतुपुरस्सर उभे करतो. ज्या क्षणी प्रेक्षक जब्याशी एकरूप झाल्याचे समाधान मानत असतो, त्याच क्षणी दगड त्याला ‘तू तेथे नव्हतास, तू इकडे होतास’ असे सांगतो. दलित साहित्याला आनंदाचा निकष लावता येत नाही, ही शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये मांडलेली भूमिका अनेकांना त्या वेळी कलाविरोधी वाटली होती. पण या दगडासाठी संपूर्ण चित्रपटाची दृश्यरचना किती काटेकोरपणे आखावी लागली आहे हे पाहिले, म्हणजे रसभंग हाही रचनेने साधावा लागतो, तो घोषणेने साधत नाही, हे मान्य करावे लागते. सविकल्प समाधीचा विचार येथे एका कोंडीत सापडतो. केळकरांच्या वाचकाला आपले भान गमवावे लागत नव्हते, कारण त्या भानात लाजण्याजोगे काही असेल असे गृहीतच धरलेले नव्हते.

दोन्ही चित्रपटांत पडदा एकदा काळा होतो. ‘फँड्री’त तो दगडाने होतो आणि चित्रपट संपतो, प्रेक्षकाला उत्तर द्यायला सवड राहत नाही. ‘कोर्ट’मध्ये उन्हाळी सुटीपूर्वीचे कामकाज संपते, माणसे निघून जातात, कॅमेरा हलत नाही, दिवे मालवले जातात आणि रिकामे दालन अंधारात बुडते. आता चित्रपट संपला असे समजून काही प्रेक्षक उठू लागतात. पण तो संपत नाही. पुढच्या दृश्यात न्यायाधीश नातेवाइकांसह सहलीला निघालेले आहेत. एका मुलाला बोलता येत नाही म्हणून ते खडे आणि अंकशास्त्र यांचे उपाय सुचवतात. दुपारी बाकावर ते डुलकी घेतात. मुले जमतात, एकदम ओरडून त्यांना दचकवतात, पळतात. हाती लागलेल्या त्या न बोलणाऱ्या मुलाला न्यायाधीश एक थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. तो रडतो. कॅमेरा आपले अंतर सोडत नाही.